चार बाय सहाचं न्हाणीघर

गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, खालच्या काकू वर आल्या. तिळगूळ द्यायला आल्या असतील असं वाटलं, पण त्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, "जरा खाली येता का? छत बघून जा." त्यांच्या न्हाणीघराच्या छताला परातीएवढा ओला डाग पडला होता. भोवती पोपडे सुटले होते आणि मधोमध एक थेंब पडू की नको अशा विचारात लटकत होता. डागाच्या बरोब्बर वर आमची नहाणी होती.

आमची इमारत डोंबिवलीतली, १९८७ सालची, तीन मजली आणि बिनलिफ्टची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं, आणि न्हाणीघराचं माप चार फूट बाय सहा फूट. बायको दहा वर्षं म्हणत होती की हे बाथरूम एकदा नवं करू या. मी दहा वर्षं म्हणत होतो, बघू. काकूंच्या छतावरच्या त्या थेंबाने 'बघू' संपवलं. हाताशी साठ हजार होते, आणि अडीअडचणीला म्हणून वेगळे ठेवलेले दहा. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे वही घातली. त्या वहीत आकड्यांच्या शेजारी जे लिहीत गेलो, ते हे अनुभवाचे बोल.

१. फोडण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा

पहिला प्लंबर आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "सगळं काढायला लागेल." कदाचित त्याचं बरोबर होतं, पण साठ हजारांत भागवायचं असेल तर 'कदाचित'वर घण घालून चालत नाही. दुसरा प्लंबर वयस्क होता. त्याने साधा उपाय सांगितला. "चार दिवस इथे आंघोळ करू नका. नळाच्या पाइपात पाणी चोवीस तास भरलेलं असतं. तो गळत असेल तर डाग ओलाच राहील. डाग सुकायला लागला, तर पाइप नाही, जमीन किंवा जाळी गळतेय."

चार दिवस आम्ही दोन गल्ल्यांपलीकडे भावाकडे आंघोळीला गेलो. पाचव्या दिवशी काकूंच्या छताच्या डागाची कड पांढरी पडू लागली होती. म्हणजे जमीनच. भिंतीतले लोखंडी पाइपही छत्तीस-सदतीस वर्षांचे होते. नळ सोडला की सकाळचं पहिलं तांब्याभर पाणी चहासारखं यायचं. त्यामुळे तेही काढायचं ठरलं. पण तुमच्याकडे गळती नसेल, पाइप ठीक असतील आणि फक्त रूप बदलायचं असेल, तर जुन्या पक्क्या फरशीवरच नवी फरशी चिकटवता येते. नाही तर नुसते सांधे खरवडून नव्याने भरले तरी निम्मं काम होतं. स्वस्तातलं नूतनीकरण म्हणजे मुळात कमी फोडलेलं नूतनीकरण.

आणखी एक. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंमुळे घरातून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदालाच करावा लागतो. गच्ची गळली तर सोसायटी, न्हाणी गळली तर आपण. हा वाद सेक्रेटरींकडे नेऊन मी एक आठवडा फुकट घालवला.

२. वहीत दोन रकाने आखा: 'फोडून' आणि 'न फोडता'

ही युक्ती मला सगळ्यात उपयोगी पडली. जी गोष्ट पुढे बदलायची झाली तर फरशी फोडावी लागेल, ती पहिल्या रकान्यात टाकायची: पाइप, जाळीखालचा ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, कोबा, उतार, भिंतीतला डायव्हर्टर, वायरींची नळी. जी गोष्ट पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने बदलता येते, ती दुसऱ्यात: नळाच्या तोट्या, शॉवर, आरसा, गीझर, दिवा, टॉवेलचा दांडा, दारसुद्धा.

पैसे कमी पडायला लागले की कात्री फक्त दुसऱ्या रकान्याला लावायची. आमचा जुना गीझर तसाच राहिला. आरसा तोच. तोट्या मधल्या किमतीच्या घेतल्या. पाइपांत मात्र एक रुपया कापला नाही. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच घातला, कारण साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो.

३. 'सगळं धरून' म्हणजे काय काय, ते लिहून घ्या

तीन मिस्त्रींकडून भाव घेतले. तिघेही म्हणाले, "सगळं धरून." एकेकाला बसवून विचारलं तेव्हा कळलं की पहिल्याच्या 'सगळ्यात' राडारोडा नव्हता, दुसऱ्याच्यात दाराची चौकट नव्हती आणि तिसऱ्याच्यात फरशीच्या कडा घासण्याचे पैसे रनिंग फुटावर वेगळे होते. सगळं मांडल्यावर सगळ्यात स्वस्त मिस्त्री सगळ्यात महाग निघाला.

राडारोड्याला तर कोणीच हिशेबात धरत नाही. चोवीस चौरस फुटांची ही एवढीशी जागा, पण जुना कोबा, विटांचे तुकडे, गिलावा, फरशा मिळून बासष्ट गोण्या भरल्या. लिफ्ट नाही. तीन मजले उतरवायचे गोणीमागे चाळीस रुपये, म्हणजे २,४८०, आणि टेंपोचे २,५००. कोपऱ्यावर रात्री टाकून येतो, असं सांगणारा एक जण भेटला होता, तोही स्वस्तात. त्याला नको म्हटलं. सकाळी त्याच कोपऱ्यावरून आपल्यालाच स्टेशनला जायचं असतं.

४. छोट्या न्हाणीला उरलेला माल पुरतो

दुकानात जाण्याआधी हिशेब करून गेलो. भिंतींचा घेर वीस फूट, फरशी सात फुटांपर्यंत, म्हणजे १४० चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकी मिळून १९ वजा. राहिले १२१. बारा बाय अठरा इंची फरशीच्या सहा नगांच्या पेटीत साधारण पावणेनऊ चौरस फूट माल असतो. तुटफूट धरून दहा टक्के जास्त घेतला तरी सोळा पेट्या पुरतात. जमिनीच्या एक बाय एक फुटीच्या तीन पेट्या.

दुकानदाराने समोरच्या काचेतल्या फरशा दाखवल्या. मी सोळा पेट्यांचा आकडा सांगितल्यावर मात्र तो म्हणाला, "मग मागे गोदामात चला." मोठ्या कामातून उरलेल्या, वीस-वीस पेट्यांचे ढीग तिथे लागलेले असतात. बिल्डरला एवढासा माल नको असतो, आणि आपल्याला एवढाच हवा असतो. मोरबीचाच माल, पुढे ४२० रुपये पेटी, मागे ३१०. सोळा पेट्यांवर १,७६० रुपये वाचले. फक्त सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे स्वतः वाचायचं. एका ढिगात दोन पेट्या वेगळ्या बॅचच्या निघाल्या. दुकानातल्या दिव्याखाली फरक दिसत नव्हता, दारात उन्हात नेल्यावर दिसला.

रंगाबद्दल बायकोचं ऐकलं ते बरं झालं. मला गडद निळी हवी होती. ती म्हणाली, "आपल्याकडे बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. आठवड्याने पांढरे ठिपके मोजत बसाल." फिकट राखाडी घेतली. ठिपके आहेतच, पण दिसत नाहीत.

५. पाणी भरून ठेवा, आणि शेजारी एक बादलीही

जुना कोबा काढून खालचा स्लॅब उघडा केला, नवा ट्रॅप बसवला. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करतात, तिला मिस्त्री 'वाटा' म्हणतात. काटकोनात पाणी मुरतं, वाट्यावरून घसरतं. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर फूटभर, आणि आंघोळीचं पाणी उडतं त्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत.

मग जाळीच्या तोंडात बोळा घालून तीन इंच पाणी भरलं. मिस्त्री म्हणाला, चोवीस तास पुरे. मी अठ्ठेचाळीस म्हटलं, पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारली आणि शेजारी पाण्याची एक बादली ठेवून तिच्यावरही रेघ मारली. सकाळी भिंतीवरचं पाणी रेघेच्या खाली अर्धा इंच गेलं होतं. मिस्त्री म्हणाला, "थोडं तर उडणारच ना, साहेब." मी बादली दाखवली. बादलीतलं पाणी रेघेवरच होतं.

मिस्त्री काही बोलला नाही. पाणी काढलं, तासभर शोधाशोध केली, तेव्हा ट्रॅपच्या गळ्याशी केसाएवढी फट सापडली. दुरुस्तीला दीडशे रुपयांचा मालही लागला नाही. तीच फट फरशी बसल्यावर सापडली असती, तर सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला पाणी रेघेवर राहिलं आणि काकूंनी खालून "कोरडं आहे" असं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे कोबा टाकायला सांगितलं.

६. उतार मिस्त्रीवर सोडू नका, मग्याने बघा

उताराचा नियम साधा आहे. ऐंशी ते शंभर इंचांत एक इंच. आमच्या सहा फुटांत पाऊण ते एक इंच. कमी पडला तर दाराशी डबकं साचतं, जास्त झाला तर बादली आणि पाट डुलतात. पाणसळ लावून मिस्त्रीने उतार काढला होता, पण फरशी बसवताना कारागीर बदलला. माल ओला असतानाच मी दाराशी मग्याने पाणी ओतलं. पाणी अर्ध्यात आलं आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलं. दोन फरशा त्याच वेळी उचलून नीट केल्या. दुसऱ्या दिवशी हे जमलं नसतं.

फरशा वाळल्यावर रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येकीवर टकटक करा. खणखणीत आवाज आला तर मागे माल भरलेला आहे. बद्द आवाज आला तर आत पोकळी. आमच्या पाच निघाल्या. पैसे द्यायचे बाकी होते म्हणून त्या मुकाट्याने बदलल्या गेल्या.

७. झाकण्याआधी फोटो काढा, टेप लावून

भिंतीतले पाइप गिलाव्याखाली जाण्याआधी मी फोटो काढले. उजव्या भिंतीचा काढताना टेप धरला होता. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, सगळं दिसत होतं. डाव्या भिंतीचा काढताना टेप मुलाकडे होता आणि मूल शाळेत. म्हटलं, लक्षात राहील.

हिशेब मिटल्यावर दोन महिन्यांनी डाव्या भिंतीला टॉवेलचा दांडा बसवायला घेतला. ड्रिल आत गेलं आणि बाहेर येताना पाण्याचं कारंजं घेऊन आलं. वाल्व बंद करेपर्यंत मी, शिडी आणि दिवा सगळे भिजलो. एक फरशी गेली. उरलेल्या पेटीतल्या फरशा मी बायकोच्या सांगण्यावरून माळ्यावर ठेवल्या होत्या, म्हणून भिंतीला ठिगळ दिसत नाही. चार-पाच फरशा नेहमी उरवून ठेवा. दोन वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही.

८. शॉवर घेण्याआधी टाकी किती वर आहे ते बघा

दुकानात एक ताटाएवढा शॉवर लावला होता. पावसासारखं पाणी पडत होतं. भुललो. आणला, लावला, सोडला. शॉवरला घाम फुटल्यासारखे थेंब आले.

नंतर हिशेब कळला. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. आम्ही वरच्या मजल्यावर, टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम तीन मीटर. म्हणजे पाव बाराहून थोडा जास्त. पहिल्या मजल्यावरच्यांकडे तोच शॉवर धो धो चालेल. दुकानात तर पाण्यामागे पंप होता. तो शॉवर भावाला दिला, त्याचं घर तळमजल्यावर आहे. आमच्याकडे लहान तोंडाचा साधा शॉवर लावला, तो पुरतो. हा दुसऱ्या रकान्यातला, म्हणजे पान्याने बदलण्याजोगा होता, म्हणून चूक स्वस्तात निघाली.

९. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला आधी विचारा

आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. फरशीचा रंग, शॉवर, आरसा यांवर घरात पंधरा दिवस चर्चा झाली. तिला कोणी विचारलं नाही. नळाची उंची ठरवायच्या दिवशी ती आपण होऊन दारात आली आणि म्हणाली, "मला शॉवर नको. बादली नळाखाली सरळ राहू दे. आणि मी बसून आंघोळ करते, हे त्या माणसाला सांग."

तिच्या त्या तीन वाक्यांनी आराखडा बदलला. मिस्त्री तोटी जिथे काढत होता, तिथे आमची मोठी बादली तिरकी करून सरकवावी लागली असती. घरातली बादली आणून भिंतीला लावली, तिच्या काठावर टीचभर जागा सोडली आणि तिथे तोटी घेतली. माप पुस्तकातलं नाही, बादलीचं. आई स्टुलावर बसल्यावर हात जिथे सहज पोचतो तिथे एक स्टीलचा दांडा आणि उठून वळते तिथे दुसरा. दांड्यांच्या जागा फरशी बसण्याआधीच ठरवल्या, म्हणजे मागे पाइप येणार नाही आणि बोल्ट विटेत घट्ट बसतील. ओलसर दांड्याला धरून माणूस आपलं सगळं वजन टाकतं, तो नुसता फरशीवर चिकटलेला असून भागत नाही.

जमिनीची फरशी खडबडीत घेतली. गुळगुळीत पुसायला सोपी, पण साबणाच्या पाण्यात तिच्यावर मांजरही घसरेल. जुना उंबरठा चार इंचांचा होता, त्याला आई दोनदा अडखळली होती. तो ग्रॅनाइटच्या पट्टीचा एक इंचाचा केला. पाणी बाहेर येत नाही, कारण उतार नीट आहे. या सगळ्याला मिळून अडीच हजारही लागले नाहीत. आयुष्यभर कमी पैशांत घर चालवलेल्या बाईला कुठे काय लागतं ते आमच्यापेक्षा जास्त कळतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

१०. विजेत काटकसर नको

इलेक्ट्रिशियनने पहिल्याच दिवशी अर्थिंग तपासलं. गीझरच्या सॉकेटला ते नव्हतंच. इतकी वर्षं आम्ही देवाच्या भरवशावर आंघोळ करत होतो. नवी वायर ओढली, अर्थिंग जोडलं, सोळा अँपिअरचा पॉइंट दिला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गळणारा करंट ओळखून तो क्षणात वीज तोडतो. सगळे मिळून २,९००. या पैशांवर घासाघीस केली नाही.

नवा गीझर घ्यायचाच असेल, तर पंधरा लिटरचा दोन किलोवॉटचा गीझर पंचवीस अंशांचं पाणी साठ अंशांवर न्यायला वीस मिनिटांच्या आसपास घेतो आणि एका वेळेला साधारण दोन तृतीयांश युनिट खातो. स्वस्त पडतो म्हणून काही जण गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात लावतात. ते मात्र करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि चार बाय सहाच्या जागेत तो साठायला वेळ लागत नाही.

११. दिवस दुपटीने धरा, शेवटचा हप्ता हातात ठेवा

आठ दिवस सांगितले होते, सतरा लागले. पाण्याची चाचणी दोनदा झाली, कोब्याला पाणी मारायला दिवस गेले, मधे फरशीवाला गावी लग्नाला गेला. सिमेंटला घाई करता येत नाही आणि कारागिरालाही फार करता येत नाही. होळी आणि गणपतीच्या तोंडावर काम काढू नका, निम्मी माणसं गावी असतात.

पैसे मात्र कामाच्या टप्प्यांवर द्या, दिवसांवर नको. फोडून झाल्यावर इतके, चाचणी पास झाल्यावर इतके, फरशीनंतर इतके. शेवटचे दहा टक्के न्हाणीघर पंधरा दिवस वापरून झाल्यावर. हे पहिल्याच दिवशी, चहा पिताना ठरवायचं. मधेच काढलं की भांडण होतं.

शेवटचं पान

वहीतली बेरीज अशी. फोडकाम आणि राडारोडा १०,९८०. पाइप, ट्रॅप ६,२०० आणि प्लंबरची मजुरी ७,५००. वॉटरप्रूफिंग ९,०००. सिमेंट, वाळू, विटा ६,८००. फरशा ६,३१०, त्या बसवण्याची मजुरी ७,२५०. तोट्या, मिक्सर, दांडे ६,४००. दार आणि चौकट ५,२००. वीज २,९००. एकूण ६८,५४०. साठ हजार पुरले नाहीत. अडीअडचणीचे दहा हजार वेगळे ठेवले नसते, तर न्हाणीघराला दार नसतं.

यातले पहिले चार आकडे आणि सिमेंट-वाळू मिळून ४०,४८० होतात. शंभरातले एकोणसाठ रुपये अशा गोष्टींवर गेले ज्या घरी आलेल्या पाहुण्याला कधीच दिसणार नाहीत. ते बरोबर गेले की नाही, हे फक्त एका घरातून दिसतं, आणि ते घर आमचं नाही. काम चालू होतं त्या सतरा दिवसांत आईला रोज सकाळी आंघोळीला खाली बोलावणाऱ्या काकूंचं ते घर आहे.

म्हणून तुम्हीही न्हाणीघर नवं करायला निघाला असाल, तर फरशीच्या दुकानात नंतर जा. आधी जिना उतरून खालच्या घरी जा, आणि त्यांचं छत बघून या.